कॅल्युमेट येथील बंधुसंस्थांच्या वास्तू व दप्तर जतन करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अधीक्षक,
किविनॉ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान, कॅल्युमेट, मिशिगन

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : कॅल्युमेट व्हिलेज कौन्सिल

विषय : इटालियन हॉलची जागा, युनियन बिल्डिंग व कॉपर कंट्रीतील इतर लॉज-इमारतींबाबत मागण्या

महोदय,

आम्ही हॉटन-हॅन्कॉक परिसरात शिक्षण व नोकरीनिमित्त राहणारे मराठी लोक आहोत. १८८५ साली खाणकाम शिकवण्यासाठी निघालेली शाळा पुढे मिशिगन टेक विद्यापीठ झाली. आमच्यातले बहुतेक जण तिच्याच ओढीने इकडे आले. निवेदन मराठीत आहे, सोबत इंग्रजी प्रत जोडली आहे. या भागातल्या फिनिश, इटालियन, क्रोएशियन कामगारांनी आपापल्या भाषांत संस्था चालवल्या. त्यांच्याविषयी बोलताना आमची भाषा बाजूला ठेवणे आम्हाला बरे वाटले नाही.

सेव्हन्थ स्ट्रीटवर आज वालुकाश्माची एक कमान तेवढी उभी आहे. तिच्याखालून पलीकडे गेले की पायाखाली गवत लागते. जिना नाही, भिंत नाही. १९०८ साली इटालियन कामगारांच्या परस्परसाहाय्य संस्थेने इथे दुमजली हॉल बांधला होता. खाली दुकाने, वर सभागृह. २४ डिसेंबर १९१३ रोजी संपावर असलेल्या खाणकामगारांच्या मुलांसाठी तिथे नाताळचा कार्यक्रम चालू असताना कोणीतरी ‘आग’ म्हणून ओरडले. आग लागलेलीच नव्हती. जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत ७३ जण दगावले, त्यांत ५९ मुले होती. हॉल १९८४ साली पाडला गेला. आपले उद्यान स्थापन झाले १९९२ मध्ये, म्हणजे आठ वर्षे उशिरा.

दुर्घटनेची आठवण राहिली, ती राहायलाच हवी. पण हा हॉल बांधला कशासाठी होता, ही गोष्ट तिच्याखाली दबून गेली आहे. मिशिगनमध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९१२ साली आला. त्याआधी खाणीत छत कोसळून माणूस जायबंदी झाला तर त्याच्या घरी चूल पेटती राहायची ती संस्थेच्या मदतीवर. सभासद दरमहा वर्गणी भरत. त्यातून आजारपणात भत्ता मिळे, मृत्यू झाला तर अंत्यविधीचा खर्च निघे आणि विधवेच्या हाती काही रक्कम पडे. आमच्यातल्या काहींचे आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत होते. गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, महिन्याची वर्गणी भरायची आणि कोणी गेला तर त्याच वर्गणीतून त्याच्या माणसांना गावी पोहोचवायचे, हे आम्ही घरी ऐकत आलो. म्हणून या हॉलकडे आम्ही परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही.

फ्रीमेसन आणि ऑड फेलोज या बंधुसंस्थांनी १८८९ च्या सुमारास उभी केलेली युनियन बिल्डिंग मात्र वाचली. २०११ पासून तिथे आपले अभ्यागत केंद्र आहे आणि त्यासाठी आम्ही आपले मनापासून ऋणी आहोत. एक लॉज पक्क्या छपराखाली आणि दुसऱ्याची नुसती कमान, हे दोन्ही एकाच गावात काही मिनिटांच्या अंतरावर आहे. प्रवाशाला मात्र ही एकच गोष्ट असल्याचे कळावे, अशी सोय हवी. पहिल्या इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाला दुसरीकडे नेणारी पायवाट, नकाशा आणि दोन्ही ठिकाणी एकमेकींविषयीचे फलक, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी आम्हाला सर्वांत जिव्हाळ्याची आहे. पाडलेल्या हॉलचा आराखडा कमानीमागच्या जमिनीवर खऱ्या मापाने दगडी पट्ट्यांत आखावा : बाहेरच्या भिंती, दुकानांचे गाळे आणि मुख्य म्हणजे जिन्याची रुंदी. तो जिना किती जागेचा होता हे आकडा वाचून समजत नाही, त्या पट्ट्यांच्या मध्ये उभे राहिले की समजते. जिन्याखालची दारे आत उघडत होती की बाहेर, यावर अनेक वर्षे वाद चालू आहे. दारे आत उघडत होती, असे स्मारकफलकावर लिहिले गेले होते. पुढच्या संशोधनाने ते खोडून काढले आहे. आत उघडणाऱ्या दारांवर सगळा दोष टाकला की कोण ओरडले, का ओरडले, हे प्रश्न आपोआप मागे पडतात. जागेवरच्या मजकुरात हा वाद पुराव्यांसह मांडावा.

दप्तराचे काम सर्वांत तातडीचे आहे. संस्थांच्या सभासद-नोंदवह्या, वर्गणीचे हिशेब आणि मदतीचे अर्ज काही संग्रहात असतील, काही घरांच्या माळ्यावर. मिशिगन टेकच्या कॉपर कंट्री संग्रहाशी मिळून ते गोळा करावेत व त्यांच्या डिजिटल प्रती काढाव्यात. इटालियन, फिनिश, क्रोएशियन जाणणारी माणसे गावात आहेत तोवरच हे वाचून होईल. स्कॅनिंगसाठी व याद्या करण्यासाठी आम्ही स्वयंसेवक देऊ.

किविनॉच्या इतर गावांत अजून उभ्या असलेल्या लॉज-इमारतींची पाहणीही या वर्षीच व्हावी. इथे एका हिवाळ्यात पाच मीटरहून अधिक बर्फ पडतो. वापरात नसलेल्या इमारतीचे छप्पर एकदा गळू लागले की भिंती फार काळ तग धरत नाहीत. मालकांना छपराच्या डागडुजीसाठी साहाय्य मिळावे, आणि मोजमापाची रेखाचित्रे व छायाचित्रे झाल्याशिवाय अशी कोणतीही इमारत पाडण्यास कौन्सिलने परवानगी देऊ नये.

या मागण्यांवर चर्चेसाठी पहिला बर्फ पडण्यापूर्वी आम्हाला भेटीची वेळ द्यावी आणि पाहणीचे काम कोणाकडे सोपवले आहे ते लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
कॉपर कंट्रीतील मराठी रहिवासी व विद्यार्थी

सोबत : इंग्रजी प्रत, स्वयंसेवकांची यादी