सातारच्या वकिलाची चौदा वर्षे

निगडी-आकुर्डीकडील ज्या कुणब्यांच्या जमिनी १९७२ नंतर नवनगर प्राधिकरणाने घेतल्या, त्यांस सरकारी वचनाची किंमत आम्ही काय सांगावी! साडेबारा टक्के परताव्याचे अर्ज करता करता एक पिढी म्हातारी झाली, आणि २०२१ साली ते प्राधिकरणच विसर्जित झाले. अशा घरांपुढे आज रंगो बापूजी गुप्ते याची हकीकत ठेवतो.

पेशव्याच्या कैदेतून सुटलेल्या प्रतापसिंह छत्रपतींशी कंपनी सरकारने २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह केला. महाराजांनी रस्ते बांधले, पाणी आणले, मुलांसाठी शाळा काढली. राजा शहाणा निघाला, हेच साहेबास खुपले असावे! गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आळ त्यांच्यावर आला. गुन्हा पदरात घेणाऱ्या कागदावर सही करा, गादी राहील, असे गव्हर्नर कारनॅक याचे म्हणणे पडले. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांस पदच्युत करून काशीस धाडले.

तेव्हा रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातील हा रंगो बापूजी वकील होऊन विलायतेस गेला. परका मुलुख, परकी भाषा, थंडी निराळीच. कंपनीच्या भागीदारांच्या सभांत तो धन्याची बाजू मांडी, कागद छापून वाटी. जोसेफ ह्यूम व जॉर्ज थॉम्प्सन यांसारखे न्यायी इंग्रज त्यास मिळाले, हेही सांगितले पाहिजे; सगळाच इंग्रज वाईट नव्हता. पण १८४७ साली महाराज काशीत वारले, १८४८ साली डलहौसीने दत्तक नाकारून सातारा खालसा केला. धनी गेला, राज्य गेले, तरी वकील तेथेच! १८५३ साली तो कर्जबाजारी होऊन परतला.

मक्केच्या शरीफ हुसेनाची गत याहून वेगळी झाली काय? १९१५ साली इंग्रजांनी त्यास पत्रांतून अरब राज्याची आशा लाविली, आणि १९२५ साली त्यास सायप्रस बेटावर जावे लागले.

मात्र रंगो बापूजीने अर्जांचा नाद आता सोडला होता. १८५७ साली साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव झाली, ती फुटली, आणि त्याचा मुलगा सीताराम फासावर चढला. सरकारने बापाच्या शिरावर बक्षीस लाविले. तो कोणासही सापडला नाही.