कुलूप कोणासाठी?

शाळेच्या स्मरणिकेत ग्रंथालयाविषयी लिहावयाचे म्हटले की ग्रंथांचा महिमा गाण्याचा मोह होतो. तो आवरून मी कुलपाविषयी लिहिणार आहे.

खेड्यांतील पुष्कळ शाळांत आज पुस्तके आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके, गोष्टींची पुस्तके असावीत, असे बंधन घातले. तरीही २०२२ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक मी शिक्षक म्हणून फार जवळून पाहिले आहे. पुस्तक साठा-नोंदवहीत चढते, त्याचा भार शिक्षकाच्या शिरावर येतो आणि हरवल्यास भरपाई आपल्याच खिशातून जाईल या धास्तीने तो कपाटाला कुलूप घालतो. मीही घातले आहे. एका तपासणीत माझ्या कपाटातील कोरी करकरीत पुस्तके पाहून साहेबांनी ‘उत्तम निगा’ असा शेरा दिला होता. त्या शेऱ्याची आज लाज वाटते.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच ओळखला होता. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळा सुटल्यावर वाचावयास काहीच नसेल तर शिकलेली अक्षरे विसरली जातात, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरू लागली. ज्या गावाला इमारत परवडत नव्हती, त्या गावालाही पेटी परवडत होती. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियास गेले आणि पुढे दादरला त्यांनी जे राजगृह बांधले, ते ग्रंथांना पुरेशी जागा व्हावी म्हणून.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता व अनुदान मिळते. परंतु ‘ड’ वर्गातील गावच्या ग्रंथालयाने तुटपुंज्या अनुदानात वृत्तपत्रे, वीज आणि ग्रंथपालाचे मानधन कसे भागवावे? मुलांसाठी नवे पुस्तक घेण्याची पाळी शेवटी येते. कित्येकदा येतच नाही. शासनाकडे मागणी करीत राहिले पाहिजे, हे खरेच. पण तोवर थांबावयाचे काय?

आपल्या वसतिगृहातील मुले दिवाळीत व उन्हाळ्यात घरी जातात. येथे त्यांना ग्रंथालय आहे. वस्तीवरच्या त्यांच्या धाकट्या भावंडांना नाही. ज्या बहिणीला निवासी शाळेत जागा मिळाली नाही, तिचा विचार आपण करतो का? एका गावच्या मुलांनी मिळून एक पेटी न्यावी, समाजमंदिरात वा कोणाच्या ओसरीवर ती उघडी ठेवावी, संध्याकाळी लहानांना मोठ्याने वाचून दाखवावे आणि सुटी संपताच परत आणावी. काही पुस्तके फाटतील, काही परत येणार नाहीत. संस्थेने दरवर्षी काही पुस्तके विनाचौकशी निर्लेखित करण्याचा ठराव आधीच करावा. नाहीतर पेटीलाही कुलूप लागेल.

पहिल्या पेटीसाठी वीस पुस्तके मी माझ्या संग्रहातून देत आहे. त्यांची नोंद साठा-नोंदवहीत करू नये, एवढी विनंती.