पंगतीतले वेगळे पान

जाईबाई चौधरी हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? जयंतीच्या मिरवणुकीत डीजेसमोर नाचणाऱ्या आपल्याच दहा तरुणांना विचारून पाहा. लहान वयात हमालीची ओझी वाहिलेली आणि पुढे नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढलेली ही बाई. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. स्त्रियांच्या उन्नतीची भाषणे झाली. जेवणाची वेळ झाली तेव्हा मात्र या शाळा चालवणाऱ्या बाईचे पान वेगळे मांडले गेले. भाषणात सगळ्या बहिणी आणि पंगतीत मात्र अस्पृश्य!

हे आज आठवायचे कारण म्हणजे आम्ही तिघी नुकत्याच पुण्यात भरलेल्या, ब्लॉग लिहिणाऱ्या स्त्रियांच्या एका परिषदेला जाऊन आलो. त्या परिषदेचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. आमचे भांडण एका संस्थेशी नाही, पद्धतीशी आहे. आणि या लेखात आम्हाला जे म्हणायचे आहे, त्यातले निम्मे त्यांच्यासाठी आहे आणि निम्मे आपल्या स्वतःच्या चळवळीसाठी आहे.

औरंगाबादहून रात्रीच्या एसटीने, अर्ध्या तिकिटात आम्ही निघालो. सकाळी वातानुकूलित सभागृहाच्या दारात गळ्यात अडकवायला नावाची पट्टी मिळाली. आमच्यातली एक जण आडनाव न लावता लिहिते. तिची पट्टी लिहिणाऱ्या मुलीने दोनदा विचारले, "ताई, पूर्ण नाव सांगा ना." तिने पूर्ण नाव सांगितले आणि पुढचा प्रश्न आला, "म्हणजे मूळ कुठल्या तुम्ही?" या प्रश्नाचा खरा अर्थ काय असतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

सकाळची सत्रे खरोखर उपयोगाची होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लिहिलेला मजकूर जपून कसा ठेवायचा, खाते कोणी बळकावले तर काय करायचे, अश्लील धमक्या आल्या तर स्क्रीनशॉट तारखेसह कसे साठवायचे आणि सायबर पोलिसांत तक्रार कशी द्यायची, हे आम्ही तिथेच शिकलो. स्वयंपाकावर लिहिणाऱ्या एका काकूंनी शेजारी बसून आमच्या मोबाईलमध्ये सगळे लावून दिले. अशा माणसांबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे.

एका वक्त्या बाईंनी अमेरिकेतल्या 'ब्लॉगहर'ची गोष्ट सांगितली. "लिहिणाऱ्या स्त्रिया आहेत तरी कुठे?" हा प्रश्न तिकडे वारंवार विचारला जात होता, आणि त्याला उत्तर म्हणून २००५ साली कॅलिफोर्नियात तीन स्त्रियांनी लिहिणाऱ्या स्त्रियांचीच परिषद भरवली. गोष्ट चांगली आहे. पण शेवटी बाई म्हणाल्या की, इंटरनेटमुळे आपल्या स्त्रियांना पहिल्यांदा आवाज मिळाला. टाळ्या पडल्या. आम्ही एकमेकींकडे पाहिले. कोणाला पहिल्यांदा? १८५५ साली, जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वेद आमचे नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या पोरीने पेशवाई बुडून चाळीस वर्षेही झाली नव्हती तेव्हा, त्याच पुण्यात विचारला! आवाज तेव्हापासून आहे. तो ऐकायला खुर्च्या मांडल्या गेल्या नाहीत, एवढेच.

आमचे सत्र दुपारी जेवणानंतर लगेच होते. विषय होता 'वेगवेगळे आवाज'. मंचावर एक दलित, एक मुस्लिम, एक आदिवासी आणि एक भटक्या-विमुक्तांतली मुलगी, प्रत्येकीला दहा मिनिटे. सकाळच्या 'लेखन आणि कायदा', 'लेखन आणि अर्थकारण' या सत्रांत यांपैकी कोणीही नव्हती. कायदा आणि अर्थकारण सर्वसाधारण स्त्रियांचे, आणि आम्ही 'वेगवेगळ्या'!

आमच्यातल्या ज्या मैत्रिणीला बोलायचे होते, ती अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीवर लिहिते. किती मंजूर झाला, किती खर्च झाला, किती दुसरीकडे वळवला गेला, हे ती माहिती अधिकारात अर्ज करून काढते. शिष्यवृत्ती रखडली की कोणत्या टेबलावर रखडली, हे ती शोधून लिहिते. तिने त्याचे तक्ते करून आणले होते. सूत्रसंचालक बाईंनी अगदी प्रेमाने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आकडे राहू देत गं. तू लहानपणी काय काय सोसलंस, ते सांग. लोकांना ते भिडतं."

ही बाई वाईट नव्हती, आणि म्हणूनच हा प्रसंग महत्त्वाचा आहे. तिला खरोखर वाटत होते की ती आम्हाला जागा देते आहे. पण जागा कोणती? साक्षीदाराची! आम्ही दुःख सांगायचे आणि त्याचा अर्थ त्यांनी लावायचा. समाजशास्त्राच्या अभ्यासात आम्ही गोपाळ गुरू यांचा २००२ सालचा लेख वाचला होता. भारतातल्या सामाजिक शास्त्रांत काही जण सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि बाकीचे अनुभव पुरवणारे शूद्र, अशी विभागणी झाली आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तो आम्ही परीक्षेत लिहिला होता, त्या दुपारी डोळ्यांनी पाहिला. जाईबाईंचे पान वेगळे मांडले होते. आमचे पान त्याच टेबलावर होते, फक्त त्यात काय वाढायचे ते आधीच ठरले होते.

आमच्या मैत्रिणीने तक्तेच दाखवले. सभागृह निम्मे रिकामे होते, पण उरलेल्यांपैकी अकरा जणी सत्र संपल्यावर तिच्यामागे बाहेर आल्या. खरी परिषद त्यानंतर भरली, सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर, कडुनिंबाच्या सावलीत.

तिथे भेटलेल्या मुलींची नावे आम्ही लिहिणार नाही, कारण त्यांतल्या बहुतेक जणी स्वतःच्या नावाने लिहीतच नाहीत. बीडकडची एक मुलगी ऊसतोड स्त्रियांवर लिहिते. २०१९ साली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला तेव्हा पत्रकारांच्या गाड्या आल्या आणि गेल्या, त्यानंतर त्या बायांच्या कंबरदुखीचे, कामाचे, उचलीचे काय झाले, हे ती कोप्यांवर जाऊन विचारते. मालेगावकडची एक मुलगी यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांविषयी लिहिते. एकीचा मोबाईल भावाचा आहे, तो झोपल्यावर रात्री तिला मिळतो. एक जण स्वयंपाक करताना आवाजात बोलून ठेवते आणि मग टंकते. आम्हाला बेबीताई कांबळे आठवल्या. फलटणच्या दुकानात पुड्या बांधता बांधता रद्दीचे कागद वाचणाऱ्या, आणि 'जिणं आमुचं'ची पाने वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवणाऱ्या बेबीताई. ते पुस्तक १९८६ साली आले. दुकानाच्या जागी मोबाईल आला, पण लपवणे काही संपले नाही.

आणि इथूनच या लेखाचा दुसरा भाग सुरू होतो. भावांनो, आता जरा शांतपणे वाचा.

त्या पायऱ्यांवर आम्ही सगळ्यांना एकच प्रश्न विचारला : लिहिणे थांबवावे असे शेवटचे कधी वाटले? आम्हाला वाटले होते, उत्तर येईल मनुवादी ट्रोल. ते आलेच. पण चार जणींनी सांगितले की, त्यांना गप्प करणारा फोन आपल्याच माणसाचा होता. एका मुलीने आपल्या गावातल्या कार्यकर्त्याच्या वागण्याविषयी लिहिले. नाव घेतले नव्हते, तरी त्या रात्री तिच्या वडिलांना फोन आला : "पोरीला आवरा. चळवळीची बदनामी होते आहे." वडील स्वतः जुने कार्यकर्ते. त्यांनी पोरीला मारले नाही, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "बाळा, सध्या राहू दे." तिने सहा महिने एक ओळ लिहिली नाही.

सवर्ण स्त्रिया म्हणतात, स्त्रियांच्या प्रश्नात जात आणू नका. आपले पुरुष म्हणतात, जातीच्या प्रश्नात बाईचा मुद्दा आणू नका. मग आम्ही बोलायचे कुठे? न्हाणीघरात?

"घरातले भांडण बाहेर गेले की शत्रू त्याचा फायदा घेतो," हा युक्तिवाद आपल्याकडे नेहमी केला जातो. तो पूर्ण खोटा नाही. शत्रू फायदा घेतोच. पण इतिहास काय सांगतो? जाईबाईंच्या अपमानानंतर आपल्या स्त्रिया रडत बसल्या नाहीत. त्यांनी नागपुरातच निषेधाची सभा घेतली. आणि पाच वर्षांच्या आत, २० जुलै १९४२ रोजी, त्याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरवली. हजारो स्त्रिया आल्या. बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. त्या परिषदेने ठराव कोणते केले? कामगार स्त्रियांच्या रजेचे आणि मुलींच्या शिक्षणाचे तर केलेच. पण स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळावा आणि बहुपत्नीत्व कायद्याने बंद व्हावे, असेही ठराव केले. हे ठराव फक्त ब्राह्मणांच्या घरांसाठी होते काय? ते आपल्याही वस्तीतल्या, आपल्याही चळवळीतल्या नवऱ्यांना लागू होते. बाबासाहेबांनी "चळवळीची बदनामी होते" म्हणून ते थांबवले नाहीत. पुढे कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी त्यांनी याच प्रश्नांवर झुंज दिली आणि १९५१ साली मंत्रिपद सोडले. ज्या नेत्याने स्त्रियांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडले, त्याच्या अनुयायाला एक पोस्ट सोसवत नाही, याला काय म्हणायचे?

ज्या दिवशी आपली मुलगी आपल्याच माणसाविरुद्ध निर्धास्तपणे लिहू शकेल, त्या दिवशी शत्रूच्या हातात काहीच उरणार नाही. लपवलेली गोष्टच शस्त्र बनते. उघड मांडलेली आणि निस्तरलेली गोष्ट शस्त्र बनत नाही.

काही जण विचारतील, मग त्यांच्या परिषदांवर बहिष्कार घालायचा का? आमचे उत्तर नाही असे आहे. जायचे, पण अटी घालून. आम्ही परत आल्यावर आयोजकांना पत्र लिहिले : पुढच्या वेळी आमच्या मैत्रिणीला अर्थकारणाच्या सत्रात बोलवा, 'वेगवेगळ्या आवाजां'त नाही. उत्तर आले तर उत्तम. पण त्या उत्तराची वाट पाहत आमची शक्ती खर्च होऊ नये. १९३७ च्या पंगतीला खरे उत्तर १९४२ ची परिषद होती. पंगतीत शेजारी बसू द्या अशी विनवणी हे तिचे उत्तर नव्हते.

म्हणून आम्ही पायऱ्यांवरच्या त्या बैठकीत ठरलेले तीन ठराव इथे आपल्यापुढे ठेवतो.

एक : येत्या २५ डिसेंबरला, मनुस्मृती दहन दिनी, जिथे शक्य असेल तिथे तालुक्याच्या बुद्धविहारात लिहिणाऱ्या मुलींची बैठक घ्यायची. मंच नको, हार नकोत, प्रमुख पाहुणे नकोत. प्रत्येकीने आपले लिहिलेले एक पान वाचायचे आणि बाकीच्यांनी ते सुधारायला मदत करायची. पुरुष कार्यकर्त्यांनी त्या दिवशी चहा आणि मुले सांभाळावीत.

दोन : आपल्या संघटनांतल्या कोणाविरुद्ध मुलीने लिहिले, तर पहिला फोन तिच्या वडिलांना जाणार नाही. तो तिला जाईल, आणि प्रश्न असेल, "तुला काय मदत हवी?" तक्रार म्हणजे बदनामी नव्हे, हे प्रत्येक शाखेने लेखी मान्य करावे.

तीन : आपल्या नियतकालिकांत, व्याख्यानमालांत आणि चॅनेलवर स्त्रियांना फक्त ३ जानेवारी आणि रमाई जयंतीपुरते बोलावू नका. आरक्षण, अर्थसंकल्प, शिक्षण, धम्म, परराष्ट्र धोरण, कशावरही बोलवा. आपल्या मंडपातही आम्ही साक्षीदारच असू, तर मग त्या वातानुकूलित सभागृहात आणि आपल्या मंडपात फरक काय राहिला?

परतीच्या गाडीत मध्यरात्री आमच्या मोबाईलवर एक दुवा आला. सहा महिने गप्प बसलेल्या त्या मुलीने लिहिले होते. अगदी छोटे, दोनच परिच्छेद. खाली तिने स्वतःचे नाव घातले होते, आडनावासकट. आम्ही तिघींनी ते एसटीच्या अंधारात आळीपाळीने वाचले. तिच्या वडिलांना आता फोन जाईल की तिला, हे ठरवणे तुमच्या-आमच्या हातात आहे.

जय भीम! जय सावित्री!