होडीवरचा साक्षीदार

धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर पोहून येणाऱ्या मुलामुलींच्या गळ्यात हार पडतात, ते योग्यच. परंतु सोबतच्या होडीवर तासन्‌तास डोळ्यांत तेल घालून बसलेल्या निरीक्षकाची आठवण कोणास राहत नाही. वास्तविक त्याच्या वहीवाचून त्या पराक्रमास पुरावा कोणता? १९२७ च्या ऑक्टोबरात डोरोथी लोगन या डॉक्टरबाईंनी इंग्लिश खाडी पोहून गेल्याचा दावा केला आणि थोड्याच दिवसांत तो बनाव असल्याचे स्वतःच सांगितले. देखरेखीवाचून जगाला किती सहज फसविता येते, एवढेच त्यांना दाखवावयाचे होते!

पोहणाऱ्याने होडीस स्पर्श केला काय, मिनिटास हात किती पडतात, खाणेपिणे केव्हा दिले, हे सारे निरीक्षकाने घड्याळ पाहून टिपावयाचे. पोर थंडीने बरळू लागल्यास बापाची विनवणी न ऐकता त्यास वर घेण्यास लावावयाचे. ज्याला स्वतःलाच बोट लागते त्याच्या हातून हे कसे व्हावे? निरीक्षक पोहणाऱ्याचा आप्त वा प्रशिक्षक नसावा, आणि त्याने आधी दोन-तीन मोहिमांत जाणत्या निरीक्षकाशेजारी बसून वही लिहिलेली असावी, अशी आमची जलतरण संघटनांना आग्रहाची सूचना आहे. होडीभाडे आनंदाने मोजणाऱ्या पालकांनीही या खर्चाबद्दल कुरकुर करू नये.