फिट्स येतात, म्हणून नोकरी सोडावी का?

बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरकडची कितीतरी मुले-मुली आज नोकरीसाठी बेंगळुरूत राहतात. अशा एखाद्या मुलीला फिट्सचा त्रास असेल, तर घरून निघताना आई हळूच बजावते, ‘ऑफिसात कुणाजवळ बोलू नकोस हो!’ आईची भीती अगदीच खोटी नसते. आजार कळला तर नोकरी जाईल, पुढे लग्न जमणार नाही, ही धास्ती त्यामागे असते. पण या लपवाछपवीतूनच खरे धोके निर्माण होतात. चारचौघांसमोर नको म्हणून गोळी राहून जाते, रात्रपाळी नाकारता येत नाही आणि फिट आलीच, तर काय करायचे हे शेजारच्या टेबलावर कुणालाच ठाऊक नसते.

फिट्स येणे, म्हणजेच अपस्मार, हा मेंदूचा विकार आहे. मेंदूतील पेशींमधून अचानक जादा विद्युतसंदेश सुटले की फिट येते. ही बाहेरची बाधा नाही, वेड नाही आणि संसर्गजन्य तर नाहीच. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधील डॉक्टरांनी शहरात व आसपासच्या खेड्यांत एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी केली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार अपस्माराचे प्रमाण हजारी सुमारे नऊ होते. शहरात ते पाच-सहा, तर खेड्यांत त्याच्या दुप्पट. म्हणजे मोठ्या कंपनीत असे काही सहकारी असायचेच, फक्त ते बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाल्यास १०० पैकी ७० रुग्ण फिट्सपासून मुक्त राहू शकतात.

गोळी आणि झोप

फिट पुन्हा येण्याची दोन नेहमीची कारणे म्हणजे चुकलेली गोळी आणि अपुरी झोप. परदेशातील ग्राहकांसाठी रात्री काम करणाऱ्या कंपन्यांमध्ये नेमके याच दोन्हींवर संकट येते. पाळी बदलली, तर गोळीच्या वेळा मनाने बदलू नयेत. डॉक्टरांकडून वेळापत्रक नव्याने लिहून घ्यावे. एक-दोन दिवसांच्या गोळ्या पर्समध्ये किंवा टेबलाच्या खणात ठेवाव्यात. शक्यतो दिवसपाळीच मागावी. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडते. ‘वर्षभर फिट आली नाही, आता बरे वाटते,’ म्हणून औषध एकदम बंद करणे सर्वांत घातक. लग्न ठरलेल्या व मूल हवे असलेल्या स्त्रियांनीही गोळ्या स्वतःहून न थांबवता आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण काही औषधे गर्भाला अपायकारक असतात.

कॉम्प्युटरमुळे फिट येते, ही भीती बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी आहे. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येणारे रुग्ण शंभरात साधारण तीनच असतात. उंचावरचे काम, उघडी यंत्रे आणि वाहन चालवणे मात्र टाळायला हवे. वाहन परवान्याच्या अर्जात फिट्सबद्दल प्रश्न असतो. तिथे खोटे लिहू नये. स्कूटरपेक्षा बस किंवा मेट्रो बरी.

सांगावे कुणाला?

सगळ्या ऑफिसला सांगण्याची गरज नाही. वरिष्ठ आणि जवळ बसणारे एक-दोन विश्वासू सहकारी पुरेत. त्यांना एवढेच सांगावे: फिट आली, तर आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा आणि झटके ओसरताच कुशीवर वळवा. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, हातात किल्ल्या देऊ नका, तोंडात चमचा वा पाणी घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा, पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

राहता राहिली लग्नाची काळजी. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही एकेकाळी विवाहातील अडचण मानली जात असे. १९९९ साली तो शब्दच कायद्यातून वगळण्यात आला. कायद्याने जे मान्य केले, ते घरातल्या माणसांनीही मान्य करायला हवे. मुलीला बेंगळुरूला पाठवताना ‘कुणाला सांगू नकोस’ याऐवजी ‘गोळी चुकवू नकोस, जागरण करू नकोस आणि एका मैत्रिणीला सांगून ठेव,’ असे बजावले, तर तिची नोकरीही टिकेल आणि प्रकृतीही.