दहा डोस, चार तास

यंदाची मिनी प्रोजेक्टची यादी नोटीस बोर्डावर लागली, तेव्हा 'ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्य ॲप' हा विषय चक्क तीन ग्रुप्सनी घेतलेला दिसला. ब्लॉक डायग्राम तिघांचाही एकच. लॉगिन, ओटीपी, डॅशबोर्ड, रिमाइंडर. (तो एकच कसा, हे विचारू नका. सबमिशनच्या दिवसांत असले प्रश्न विचारायचे नसतात.) कोणाची चेष्टा करायला हे लिहीत नाहीये. पण 'ओटीपी' आणि 'ज्येष्ठ' हे दोन शब्द शेजारी आले की मला २०२१ चा मे महिना आठवतो.

आपल्यातले बरेच जण तेव्हा नववी-दहावीत होते. कोरोना म्हटलं की आपल्याला आठवतात ऑनलाइन तास, म्यूट केलेला माइक आणि केळफुलाच्या भाजीपासून डालगोना कॉफीपर्यंत घरात झालेले प्रयोग. म्हाताऱ्या माणसांचं काय झालं हे आपल्याला आकड्यांत माहीत आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठीच्या पुढचे लोक साधारण ८.६ टक्के. आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये जी आकडेवारी दिली, तिच्यात कोरोनाने गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त याच वयाचे होते.

माझे आजोबा या आकड्यांत कुठेच नाहीत. कारण त्यांना कोरोना झालाच नाही.

आजोबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात रोज पहाटे मळ्यापर्यंत चालत जायचं, येताना पारावर तासभर बसायचं, पेपर वाचून सरकारला दोन शिव्या घालायच्या आणि घरी येऊन चहा. हा कार्यक्रम वीस वर्षं चालू होता. मार्च २०२० मध्ये तो बंद झाला. पुढे मे महिन्यात केंद्राची नियमावली आली, त्यात पासष्टच्या पुढच्यांनी आणि दहाच्या आतल्यांनी गरजेच्या कामाशिवाय बाहेर पडू नये असं होतं. म्हातारे आणि पोरं एकाच ओळीत! आजोबांना याचाच जास्त राग आला होता.

तो नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. लस नव्हती, औषध नव्हतं, तेव्हा दुसरं करणार तरी काय? पण आत बसा हे सगळ्यांनी सांगितलं, पुन्हा बाहेर कसं यायचं हे कोणीच सांगितलं नाही. दिवाळीपर्यंत आजोबांची चाल अडखळायला लागली. पुढच्या वर्षी काठी आली. त्यानंतर त्यांची सीमा म्हणजे घराचा उंबरा. डॉक्टर म्हणाले, आजार असा काही नाही, पाय वापरात नव्हते. आम्हा मेकॅनिकलवाल्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. गाडी सहा महिने उभी ठेवा, बॅटरी उतरते, टायर बसतात. मग ज्या माणसाने आयुष्यभर गाड्या चालत्या ठेवल्या, त्याला आम्ही वर्षभर उभं करून ठेवलं आणि त्याला काळजी म्हटलं.

दुसरी गोष्ट मास्कची. आजोबांना ऐकू कमी येतं, पण हे आम्हाला नीट कळलं २०२० मध्ये. तोवर ते समोरच्याचे ओठ बघून निम्मं भागवत होते. मास्क आले आणि ओठ गेले. दुकानदार काय म्हणतो, नर्स काय विचारते, काही कळेना. दोनदा 'काय?' विचारलं की समोरचा वैतागतो. म्हणून तिसऱ्यांदा विचारायचं सोडून ते नुसती मान हलवायला लागले. ऐकूनही न कळलेल्या गोष्टीला हो म्हणणं ही सवय त्यांना त्या वर्षी लागली, ती अजून सुटलेली नाही.

आता कोणी म्हणेल, म्हातारपण आहे, हे व्हायचंच. मला हे पटत नाही. साथ आली की म्हातारी माणसं म्हणजे फक्त सांभाळून ठेवायची वस्तू, ही समजूत आपली आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले ६६ वर्षांच्या होत्या. त्या घरात बसल्या नाहीत. रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची तर तऱ्हाच उलटी. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि त्या साथीने घात केला तो विशीपासून चाळिशीपर्यंतच्या कर्त्या लोकांचा. मागे राहिलेल्या घरांत नातवंडं कोणी वाढवली असतील? आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर? आई-वडील दोघंही गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची ठेव ठेवायचं ठरवलं, ते चांगलंच केलं. पण त्या पोरांना सकाळी उठवून शाळेत पाठवणारी आजी अनेक घरांत सत्तरीची होती. ज्यांना आपण 'जोखमीचा गट' म्हणून बाजूला बसवलं, त्यांच्याच खांद्यावर ते घर होतं.

रेल्वेच्या तिकिटावरची ज्येष्ठांची सवलतही त्याच मार्च २०२० मध्ये बंद झाली. गाड्या पूर्ववत धावायला लागल्या तेव्हा ती काही परत आली नाही. (आपल्या एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास दिला. आजोबांनी हे ऐकून कॉलर ताठ केली होती.)

असो. मूळ मुद्दा ओटीपीचा.

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं, त्याला गावाकडे 'हयातीचा दाखला' म्हणतात. २०१४ पासून तो अंगठा लावून डिजिटल मिळतो. सोय उत्तम. पण पन्नास वर्षं पाना-हातोडा किंवा खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा ओळखत नाही. चेहरा ओळखून दाखला द्यायची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. म्हणजे साथीतले दोन नोव्हेंबर उलटत आल्यावर. त्या मधल्या काळात आजोबांनी बँकेच्या काउंटरवर सॅनिटायझरने ओला झालेला अंगठा सात वेळा पुसून लावला होता.

आणि मग कोविन. साठीच्या पुढच्यांना लस १ मार्च २०२१ ला सुरू झाली. त्यांना थेट केंद्रावर जायची मुभा होती, नाही असं नाही. पण मे महिन्यात लसच अपुरी होती, टोकनसाठी पहाटे पाचला रांग लागायची. ऑनलाइन घ्यावं तर एका मोबाइलवर चार नावं. स्लॉट उघडला की काही सेकंदांत गायब. आमच्या गल्लीत ते काम माझ्याकडे होतं, कारण माझी बोटं चपळ. शेजारच्या काकूंचं नाव पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर होतं. केंद्रावर चार आकडी कोड विचारला, मुलगा मीटिंगमध्ये, काकू उन्हात. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. ज्यांनी ते डिझाइन केलं त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःचाच मोबाइल आणि स्वतःचीच बोटं होती, एवढंच.

ज्यांना रांगेतही येता येत नव्हतं, अंथरुणावर होते, त्यांचं काय? मुंबई उच्च न्यायालयात दोन वकिलांनी हाच प्रश्न नेला होता. घरोघरी लस देता येणार नाही, असं केंद्राचं म्हणणं होतं. डोस वाया जातील, प्रत्येकाला अर्धा तास निरीक्षणाखाली ठेवावं लागतं, वगैरे. कारणं खोटी नव्हती. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस, आणि बाटली उघडली की चार तासांत संपवायची. दहा घरं गुणिले अर्धा तास म्हणजे पाच तास, शिवाय जायचा-यायचा वेळ. गणित बसत नाही.

पण मित्रांनो, हे गणित आपल्याला ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात दहा मार्कांना येतं! निरीक्षणाला दुसरा माणसू ठेवला की सुई टोचणारी पुढच्या घरी जाऊ शकते. एका वॉर्डातले दहा पत्ते आधी जुळवून घेतले, रस्ता आखला, आणि मगच बाटली उघडली, की चार तास पुरतात. मुंबई महापालिकेने अंथरुणावरच्या लोकांना घरी लस द्यायला सुरुवात केली तेव्हा जुलै २०२१ संपत आला होता. केंद्राने तशी मुभा दिली सप्टेंबरमध्ये. १ मार्चपासून मोजून बघा. आणि त्या मधल्या महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली होती.