पिवळ्या पानांचे दुखणे

जुने पुस्तक उघडताच पानाचा कोपरा हातात येतो आणि आपण म्हणतो, ‘वय झाले.’ पण दोष निव्वळ वयाचा नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले अठराव्या शतकातले मोडी कागद आजही वाचता येतात. १९४०च्या सुमाराची कित्येक छापील पुस्तके मात्र बोटांत चुरतात.

जुना हातकागद प्रामुख्याने चिंध्यांच्या लगद्यापासून होई. सोलापुरी चादरीच्या सुतात असते तेच चिवट सेल्युलोज त्यात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा लगदा आला. स्वस्त कागदात लाकडातले लिग्निन तसेच राहते आणि प्रकाश व हवा लागून पिवळे पडते. शाई फुटू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटीची खळ देत. तुरटीमुळे आम्ल तयार होते व ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहते. पान पिवळे पडते लिग्निनमुळे, ठिसूळ होते मुख्यतः आम्लामुळे.

उष्णतेने ही क्रिया वेग घेते. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर बांधून ठेवलेले गठ्ठे त्यामुळे लवकर संपतात. पावसाळी दमटपणात बुरशी आणि कसर लागते ती वेगळीच.

मे १९३०चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेले चार हुतात्मे, गिरण्यांचे संप, हा सगळा काळ स्वस्त कागदाचाच. त्या वेळची वृत्तपत्रे आणि पत्रके कोणाच्या माळ्यावर असतील, तर ती आपल्या शहराची साक्ष आहेत.

‘स्कॅन केले की झाले’ हे उत्तर अपुरे आहे. स्कॅन जरूर करावे, पण चुरा झालेले पान स्कॅन होत नाही. आम्ल निष्प्रभ करणारी प्रक्रिया आहे. मात्र तुटलेले तंतू तिने जुळत नाहीत. म्हणून आधी जपणूक हवी. ग्रंथालयांच्या अनुदानात नव्या खरेदीइतकाच जुन्या संग्रहाच्या देखभालीचाही विचार व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरी एवढे करावे: पुस्तके थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी, भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर नकोच. आत कोंडलेले आम्ल काम करतच राहते. बुरशी झटकताना मास्क लावावा, दमेकऱ्यांनी हे काम टाळावे. आणि गठ्ठा रद्दीत घालण्यापूर्वी एकदा तरी सोडून पाहावा.